बाटलीवरची हळद

दोन वर्षं त्या प्रयोगशाळेला कुलूप होतं, आणि शाळेच्या जाहिरातीत मात्र पहिल्याच पानावर त्याच प्रयोगशाळेचा रंगीत फोटो. आता याला काय म्हणावं? फोटोत पांढरे कोट घातलेली गुटगुटीत पोरं परीक्षानळीकडे बघून हसतायत, आणि इकडे भिलाईच्या नेहरू नगरातल्या त्या शाळेची बारावीची खरी पोरं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल मोठ्या पडद्यावर बघून वहीत उतरवतायत. बघा आणि लिहा, हात लावू नका. उद्या हे लोक पोहायलाही पडद्यावरच शिकवतील.

कारण विचाराल तर भीती. दूरच्या कुठल्याशा गावात एका शाळेत पोराचा हात भाजला, मास्तरवर केस झाली, मालकाचं नाव पेपरात आलं. ती बातमी वाचून शाळेचे मालक आणि डायरेक्टर राजकुमारजी असे हादरले की दुसऱ्याच दिवशी गॅस बंद, खोली बंद आणि लॅब असिस्टंटला घरचा रस्ता. चहा पिता पिता एवढा मोठा निर्णय झाला.

केमिस्ट्रीच्या मॅडम होत्या नूतन लांजेवार. वय पस्तिशीच्या आतलं, अंगकाठी बारीक आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोट्टा उठून उभा राहावा. वडील बळीराम लांजेवार भंडाऱ्याकडचं गाव सोडून तरुणपणी भिलाईला आले, पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे मशीनवरचा हरकाम्या मजूर, म्हणून लागले आणि रोलिंग मिलमधून रिटायर झाले. तापलेल्या लोखंडाच्या गोष्टी ऐकतच नूतन मोठी झाली होती. तिला पडद्यावरचं प्रॅक्टिकल म्हणजे निव्वळ थट्टा वाटायची. दर महिन्याला ती डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये जायची, भांडायची आणि तोंड पाडून परत यायची.

आणि या सप्टेंबरमध्ये काय झालं कोणास ठाऊक, साहेब पाघळले. नवीन शाळा हायवेच्या पलीकडे उघडत होती आणि तिच्या जाहिरातीत ‘लाइव्ह लॅब’ लिहिलं होतं, हे खरं कारण. पण मोफत देतील तर ते राजकुमारजी कसले? स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत त्यांनी अट घातली. “खोल लीजिए, मैडम. लेकिन कुछ भी हुआ तो जवाब आप देंगी, स्कूल नहीं. उस दिन लैब भी बंद और आप भी.”

शहाण्या बाईनं यावर एक रात्र विचार केला असता. नूतननं एक श्वासही घेतला नाही. “मंजूर,” म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. बाकीचे मास्तर एकमेकांकडे बघत राहिले. लॅब असिस्टंट मिळेल का, हे विचारायचं तिला जिना उतरताना सुचलं, पण मागे फिरून विचारावं तर साहेबांचं मन पालटायचं. जाऊ दे, आपण एकटीनं करू, असं तिनं मनाशी ठरवलं.

खोली उघडली त्या दिवशीची धमाल काय सांगावी. पाली निघाल्या, कोळ्यांची जाळी निघाली, एका ड्रॉवरमध्ये उंदरानं फिल्टर पेपरचं घर केलेलं निघालं, आणि पोरं तरीही अशी आत घुसली जणू आत लग्नाची पंगत बसली आहे. भूमिका नावाची एक पोरगी ब्युरेटची काचेची नळी हातात घेऊन नुसती उभी राहिली. दोन वर्षं हिचं चित्र काढत होतो, ही एवढी लांब असते हे माहीतच नव्हतं, असं म्हणाली. नूतनला तिथेच भरून आलं. ती खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ खिडकी पुसत राहिली.

पहिल्या आठवड्यात तिनं कुणाला एक थेंब ओतू दिला नाही. फक्त कवायत. आग लागली तर कुठून पळायचं, हातावर सांडलं तर काय करायचं, आणि डोळ्यात उडालं तर काय करायचं. त्यासाठी तिनं सिंकच्या वरच्या फळीवर पिचकारीची बाटली ठेवली होती. दाबली की वाकड्या नळीतून धार येते, तशी पांढरी प्लास्टिकची. तिच्यात स्वच्छ पाणी. डोळ्यात काही गेलं की मॅडमला विचारायचं नाही, बाटली उचलायची, पहिली पिचकारी जमिनीवर, दुसरी डोळ्यात. या कवायतीत अंकुर नावाचा पोट्टा सगळ्यात पुढे. चपळ, हसरा आणि अक्षर असं की शाळेचा फळा त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. मॅडमच्या तोंडातून ‘डोळा’ निघायच्या आत बाटली याच्या हातात.

खरं प्रॅक्टिकल अठरा सप्टेंबरला करायचं ठरलं. आणि अठराच्या आदल्या दिवशी काय असते, हे भिलाईत लहान पोराला विचारा. विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी भिलाईत मशीन स्वस्थ बसते आणि माणूस नाचतो. सुपेल्याच्या बाजारातल्या लेथ मशीनला हार, वेल्डिंगवाल्याच्या गॅसच्या नळ्यांना हार, ऑटोला हार, पंक्चरवाल्याच्या पंपालासुद्धा झेंडूचं फूल. तर मग आमच्या लॅबनं काय घोडं मारलं, असा अंकुरचा सवाल. प्लांटमध्ये पप्पांच्या क्रेनची पूजा होते, मग ब्युरेटची का नको? सगळा वर्ग त्याच्या मागे. आणि गंमत म्हणजे डायरेक्टरसाहेबांना ही कल्पना एवढी आवडली की त्यांनी पालकांनाही बोलवायला सांगितलं. फोटो चांगले येतील ना.

नूतननं घरी बाबांना सांगितलं, तर बळीराम पोह्यांची बशी खाली ठेवून खो खो हसले.

“पूजा कर, मले आनंद आहे. पण दिवा, उदबत्ती काही लावजो नको तथी,” ते म्हणाले. “त्या बाटल्याईत काय काय असते, तुले मालूम.”

“लावत नाही, बाबा. बॅटरीचा दिवा आणला सुपेल्याहून.”

बळीरामांना बॅटरीचा दिवा फार पसंत पडला नाही, पण देव समजून घेईल म्हणाले.

नूतननं वर्गात नियम सांगितले. दिवा बॅटरीचा. उदबत्ती नाही. नारळ बाहेर व्हरांड्यात फोडायचा. कोरडं कुंकू नाही, गुलाल तर मुळीच नाही, कारण उडणारी भुकटी लॅबमध्ये नको. वस्तूंना फक्त ओल्या हळदीचा एकेक टिळा. पोरं थोडी कुरकुरली, पण मानली.

पूजेच्या आदल्या दिवशी नूतननं अठराच्या प्रॅक्टिकलची तयारी सकाळीच उरकून ठेवली. एका पिचकारीच्या बाटलीत डोळ्यांसाठी ताजं पाणी भरलं. तसल्याच दुसऱ्या बाटलीत कॉस्टिक सोड्याचं पाणी, ब्युरेटमध्ये भरायला सोपं जावं म्हणून. कॉस्टिक म्हणजे तेच, ज्यानं तुंबलेल्या नालीतला मळ गळून पडतो. दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या, दोन्ही आपापल्या जागी ठेवल्या आणि ती अकरावीच्या तासाला गेली. दोन बाटल्या एकसारख्या, हे तिच्या डोळ्याला दिसलं होतं. पण वेगळ्या आकाराची बाटली नव्हती, आणि मागायची कोणाकडे? चिठ्ठी आहे ना, मग झालं.

ती तासाला गेली आणि इकडे पोरांनी खोली धुवायला घेतली. आता पूजेच्या आदल्या दिवशी मशीन घासून नवी करायची, हे तर प्लांटच्या घरातल्या पोरांना शिकवावं लागत नाही. यांचे बाप वर्षभर ज्या क्रेनकडे बघत नाहीत, तिला त्या दिवशी तेलपाणी करून नवरीसारखी नटवतात. पोरांनी तेच केलं. टेबलं घासली, स्टँड घासले, सगळ्या बाटल्या खाली उतरवून साबणाच्या फडक्यानं बाहेरून चकचकीत पुसल्या. ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या सुटल्या, तर त्याचंही कुणाला वाईट वाटलं नाही. बहुतेक जुन्या, डाग पडलेल्याच चिठ्ठ्या होत्या, बरंच झालं. अंकुरनं नवीन कागद घेतला, निळ्या शाईनं एकेक नाव मोत्यासारखं लिहिलं आणि ज्या बाटलीवर जी चिठ्ठी होती असं आठवलं ती लावली. प्रेमानं केलं हो सगळं. तिथेच तर घोळ झाला.

संध्याकाळी नूतन आली आणि दारातच थांबली. दोन वर्षं सडलेली ती खोली अशी लखलखत होती की तिला आपल्याच खोलीचा पत्ता चुकल्यासारखं झालं. बाटल्यांवरच्या नव्या चिठ्ठ्या बघून तिनं अंकुरच्या पाठीवर थाप मारली. चिठ्ठ्या नवीन आहेत म्हणजे जुन्या निघाल्या असतील, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आनंदात माणूस अर्धा आंधळा होतो, तशी ती त्या संध्याकाळी होती.

सतराची सकाळ. वर्गातल्या पोरांनी लॅबमध्ये झेंडूची माळ सोडली, मधल्या टेबलावर लाल कापड अंथरलं, त्यावर तराजू, ब्युरेट, फ्लास्क आणि बाटल्या मांडल्या. डोळ्यांची बाटली तेवढी फळीवरच राहू द्या, असं नूतननं बजावलं, म्हणून तिची पूजा फळीवरच. भूमिकानं ओल्या हळदीची वाटी घेऊन प्रत्येक वस्तूला टिळा लावला, त्या फळीवरच्या बाटलीलाही लावला. पिवळे ठिपके त्या पांढऱ्या खोलीत असे उठून दिसत होते की नूतननंच तीनचार फोटो काढले.

पालक आले. त्यांत भूमिकाची आई कांता. सुपेल्यात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान, नवरा प्लांटमध्ये, आणि बाई अशी की पालकसभेत हिनं हात वर केला की मास्तर घड्याळाकडे बघायला लागायचे. फी वाढली तेव्हा हिनं डायरेक्टरसाहेबांना अर्धा तास उभं ठेवलं होतं. ती दाराजवळ भिंतीला टेकून उभी राहिली आणि सगळीकडे बारकाईनं बघत होती.

मग आले राजकुमारजी. भावाच्या कारखान्यातली पूजा उरकून आलेले, पांढरा कुडता, कपाळ लाल, दोन्ही हात लाल, आणि कुडत्याचा खिसा गुलालानं फुगलेला. नूतननं तो खिसा बघितला. तिच्या ओठावर शब्द आले होते की सर, इथे गुलाल नको. पण साहेब आज हसत होते, दोन वर्षांत पहिल्यांदा लॅबमध्ये उभे राहून हसत होते. मालकाला दारात कोण टोकणार? तिनं शब्द गिळले.

पूजा काय झकास झाली. अंकुरच्या घरून आलेला पंचखाद्याचा डबा, बॅटरीचा दिवा, सगळ्यांनी टाळ्या वाजवून म्हटलेली आरती. कोट घातलेली पोरं, संरक्षक चष्मे फोटोसाठी कपाळावर सरकवलेले. आरती संपली, भूमिका टेबलासमोर हात जोडून उभी होती, आणि साहेबांना उमाळा आला. “बोलो विश्वकर्मा भगवान की...” असं ओरडून त्यांनी खिशातला गुलाल मूठभर काढला आणि वर उधळला. वर पंखा गरागरा फिरत होता.

मग काय, अख्खी खोली लाल. पोरं खोकायला लागली, कुणी हसायला लागलं, आणि भूमिका दोन्ही हातांनी डोळा दाबून खाली बसली. “आँख में गया, आँख में गया,” एवढंच ती म्हणत होती.

आणि अंकुर धावला. जसं शिकवलं होतं अगदी तसं. मॅडमकडे बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही, एका उडीत फळीवरची बाटली हातात. भूमिकानं मान वर करून डोळा उघडा धरला. अंकुरनं पहिली पिचकारी जमिनीवर मारली. बाटली गच्च भरलेली, नळीच्या बुडातून थोडं पाणी ओघळलं, बाटलीच्या अंगावरून खाली आलं आणि हळदीच्या टिळ्यावरून गेलं.

टिळा लाल झाला.

नूतन तीन हात लांब होती. पिवळी हळद लाल कशानं होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण किंवा सोडा लावा, तो लाल होतो. पाण्यानं होत नाही. पाण्यानं हळद जन्मात लाल होत नाही.

तिनं ओरडायचा विचारही केला नाही, कारण ओरडण्यापेक्षा पिचकारी आधी गेली असती. ती झेपावली. मध्ये डायरेक्टरसाहेब होते, त्यांना खांद्यानं असा धक्का बसला की ते लाल कापडाच्या टेबलावर जाऊन टेकले. आणि नूतननं अंकुरच्या मनगटावर सगळा जोर लावून फटका मारला. बाटली उडाली, सिंकच्या कडेला आपटली आणि खाली पडून गडगडत गेली. “सगळे मागं व्हा, जमिनीला कोणी हात लावू नका,” असं ती म्हणाली आणि एका हातानं भूमिकाला, दुसऱ्या हातानं अंकुरला धरून तिनं दोघांनाही नळाखाली ओढलं.

भूमिकाच्या डोळ्यावर तिनं नळाची बारीक धार धरली आणि धरूनच ठेवली. लाल पाणी गेलं, गुलाबी पाणी गेलं, मग स्वच्छ पाणी जाऊ लागलं, तरी सोडलं नाही. अंकुरचे हात दुसऱ्या नळाखाली. तो रडत होता. मनगटावर मॅडमची बोटं उठली होती, आणि ज्या मॅडमनं शिकवलं तिनंच का मारलं, हे त्या पोराला कळत नव्हतं. दोन मोबाइल अजून वर होते, म्हणजे सगळं शूट झालं होतं.

भूमिकानं डोळा उघडला. लाल होता, पण सगळं दिसत होतं. मॅडमच्या नाकावर गुलाल आहे, एवढं दिसत होतं. नूतननं तेव्हा कुठे नळ बंद केला.

राजकुमारजी सावरले आणि मग त्यांचा पारा चढला. बच्ची की आँख जल रही है, लड़का मदद कर रहा है और आप उसको मार रही हैं, असं सगळं बोलून झालं. पालकांकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, आणि साहेबांच्या डोक्यात हिशोब फिरला. व्हिडिओ बाहेर गेला तर शाळेचं काय? त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. गर्दीत घबराहट होते, मॅडमचा हात उठला, होतं असं. “बच्चे को सॉरी बोल दीजिए, मैडम. वीडियो डिलीट करवा देते हैं. बात यहीं खत्म.”

बघा, वाट किती सोपी होती. बाटली सांडलेली, जमीन ओली, पाणी आणि कॉस्टिक दिसायला सारखंच. त्या बाटलीत काय होतं हे जगात एकट्या नूतनला माहीत. एक सॉरी म्हटलं की लॅब चालू, नोकरी चालू, उद्या प्रॅक्टिकल. दोन वर्षं जिच्यासाठी डोकं आपटलं ती खोली हातात राहणार. आणि सांगितलं तर? जवाब आप देंगी. लैब भी बंद और आप भी.

नूतननं टेबलावरच्या बाकीच्या बाटल्यांकडे बघितलं. मोत्यासारख्या अक्षरातल्या निळ्या चिठ्ठ्या, ओळीनं. एक चुकली होती. अजून किती चुकल्या असतील, कोणाला ठाऊक? उद्या सकाळी हीच पोरं त्या चिठ्ठ्या वाचून ओतायला लागणार होती. तिला बाबांचं आठवलं. रोलिंग मिलमध्ये पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे गोल उभे राहायचे आणि आदल्या दिवशी काय होता होता राहिलं, ते ज्याचं त्यानं सांगायचं. पहिल्यांदा सांगताना जीभ जड होते बेटा, बाबा म्हणायचे. दुसऱ्यांदा नाही होत.

तिची जीभ खरंच जड झाली होती. ती साहेबांकडे वळली नाही. कांताकडे वळली, कारण डोळा हिच्या पोरीचा होता.

“ताई, त्या बाटलीत पाणी नव्हतं,” नूतन म्हणाली. “कॉस्टिक होतं. तुमच्या भूमिकाच्या डोळ्यात तेच जात होतं. म्हणून मारलं मी.”

बायकांमधून एक मोठा श्वास ऐकू आला. कांता भिंतीपासून सुटली आणि सरळ उभी राहिली. साहेबांना मराठी अर्धी कळायची, पण ही अर्धी नेमकी कळली. त्यांचा चेहरा गुलालाखाली पांढरा पडला. कॉस्टिक? आँख धोने की बोतल में? किसने भरा? किसने?

अंकुर नळापासून वळला. कोपरापासून पाणी गळत होतं. चिठ्ठ्या मी लावल्या, असं तो हिंदीत पुटपुटला, धुताना सगळ्या निघाल्या होत्या, मला वाटलं हीच पाण्याची.

साहेबांना माणूस सापडला. त्यांचं बोट अंकुरकडे वळलं, आणि नूतन त्या बोटाच्या मध्ये येऊन उभी राहिली. चिठ्ठी पोरानं लावली असेल, ती म्हणाली, पण दोन एकसारख्या बाटल्या मी ठेवल्या. संध्याकाळी येऊन मी बघितलं, खूश झाले आणि घरी गेले. एक बाटली उघडून तपासली नाही. “चूक माझी आहे, सर. याची नाही.”

हे बोलल्यावर तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. उलट छातीत काहीतरी मोकळं झालं, आणि तिला जाणवलं की आता साहेब काय म्हणतील ते म्हणोत, उद्या कुणाच्या डोळ्यात ती धार जाणार नाही.

साहेब म्हणालेच. ठरलं होतं ना, मॅडम? सगळ्यांसमोर ठरलं होतं. त्यांनी हात पुढे केला. किल्ली.

कांता पुढे आली. तिनं आधी भूमिकाची हनुवटी धरून डोळा उजेडाकडे केला, नीट बघितला, पदरानं तिचं तोंड पुसलं. मग ती राजकुमारजींच्या समोर जाऊन उभी राहिली. नूतनला वाटलं, आता ही मला धरते.

“थांबा, साहेब,” कांता म्हणाली. “पोट्ट्यानं आपलं सांगतलं. मॅडमनं आपलं सांगतलं. आता गुलालाचं कोण सांगून राहिलं?”

सांगायची गरजच नव्हती, साहेबांचा पुढे केलेला हातच कोपरापर्यंत लाल होता. राजकुमारजींनी तो हात बघितला. मागे घेतला. कुडत्याला पुसायला गेले तर कुडताही लाल. बारावीची तीस पोरं आणि दहा-बारा आया त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यातल्या कोणाच्याही डोळ्यात राग नव्हता, नुसती वाट बघत होते लोक. त्यानंच माणूस जास्त घामाघूम होतो.

“गुलाल मेरा था,” साहेब म्हणाले. इतकं हळू की मागच्या बायकांनी एकमेकींना विचारलं काय म्हणाले म्हणून. मग त्यांनी घसा खाकरून पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. “मैंने उड़ाया. मुझे नहीं उड़ाना चाहिए था.”

दोन वर्षं त्या माणसाला ओळखत असलेल्या कोणीही हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकेन असं म्हटलं नसतं. पोरांमधून एकदम कुजबुज उठली. भूमिका एका डोळ्यानं हसत होती. अंकुरनं मनगट चोळायचं थांबवलं. साहेबांनी खिशातला उरलेला गुलाल रुमालात बांधला, तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, शेवटी खिडकीबाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून आले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज मालकाचा नव्हता.

“तो, मैडम... कल प्रैक्टिकल होगा ना?”

तीस पोरांनी श्वास धरला. होगा म्हणा मॅडम, होगा म्हणा, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. दोन वर्षं नूतन याच प्रश्नाची वाट बघत होती, आणि आज तो साहेबांच्या तोंडून येत होता, तेही विनंतीच्या सुरात. तिला हसू आलं, अंगावर काटा आला, आणि तरी तिनं मान हलवली.

“नाही, सर. उद्या नाही.”

पोरांचा एकच ओरडा झाला. तिनं हात वर करून गप्प केलं. इथली एकेक बाटली रिकामी होईल, माझ्या हातानं पुन्हा भरेल, आणि डोळ्यांची बाटली अशी येईल की तिच्यासारखी दुसरी या खोलीत नसेल. तोवर मी ही खोली उघडणार नाही. हे तिनं पोरांना सांगितलं, मराठी-हिंदी जे येईल त्यात. मग साहेबांकडे बघितलं.

“और एक आदमी चाहिए, सर. लैब असिस्टेंट. जवाब मैं दूँगी, पर अकेली नहीं.”

साहेबांनी एकदा कांताकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभीच होती. त्यांनी खिशात हात घालून लाल बोटांनी फोन काढला, आणि ज्या असिस्टंटला दोन वर्षांपूर्वी घरी पाठवलं होतं त्याचा नंबर शोधू लागले. सापडेना. शेवटी नूतननंच सांगितला, तिला पाठ होता. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि सगळी खोली कान देऊन ऐकत होती. फोन उचलला गेला तेव्हा साहेब काही बोलायच्या आतच तीस पोरं एकदम ओरडली, आणि पलीकडच्या माणसाला काय चाललंय हे समजायला बराच वेळ लागला.